निळीच्या रांजणाला दुसरा हात

त्या मार्गशीर्षाआधी मला कुणी विचारले असते, की तुझा देवीवर भरवसा आहे का, तर मी लगेच हो म्हणालो असतो आणि ते खरे नसते. आळीच्या टोकाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमच्या देवीचे लहानसे देऊळ आहे; आत मूर्ती नाही, शेंदूर लावलेला बिनघडीव दगड, म्हणजे तांदळा आहे. तिला रोज फूल वाहत होतो, मंगळवारी दिव्याला तेल नेत होतो, सणाला ओटी जात होती. यात कधी खंड पडला नाही. पण भरवसा होता तो माझ्या दोन हातांवर. हे दोन हात अंथरुणावर निकामी पडून राहिले, तेव्हा ती गोष्ट मला कळली, आणि ती कळण्यात काही शांती नव्हती. नुसती तगमग होती.

आमचा धंदा निळीचा. शनिवार पेठेच्या नदीकडच्या अंगाला घर आहे, घरामागे छपरी आहे, आणि छपरीत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले तीन रांजण आहेत. साळी लोक सुताच्या लडी आणून देतात, आम्ही त्या रांजणात बुडवून निळ्या करून परत देतो. संक्रांतीला बायका चंद्रकळा नेसतात, तिचा तो काळ्याजवळ जाणारा गडद रंग आमच्याच रांजणातला. ते सूत मार्गशीर्ष सरायच्या आत मागावर चढावे लागते. त्यामुळे आमच्या वर्षाचे पोट त्या दीड महिन्यावर चालते.

निळीचे काम ज्याने पाहिले नाही त्याला वाटेल, पाण्यात रंग कालवला की झाले. तसे नाही. नीळ आंबवावी लागते. चुना, गूळ आणि टाकळ्याचे शिजवलेले बी घालून तिला जागी करायची, सकाळ-संध्याकाळ ढवळायची, भूक लागली की खायला घालायचे, थंडी पडली की रांजणाभोवती ऊन राख ओढायची आणि वर घोंगडी टाकायची. नीट जागी असली की वर निळा फेस येतो आणि खाली पाणी पिवळट हिरवे दिसते. चुना जास्त झाला की ती निजते. कमी झाला की कुजते, आणि कुजली की परत येत नाही. आमच्यात रांजणाला बाई म्हणतात. बाई आज रुसली, बाई उठली, असेच बोलणे; आणि तिघींची नावे मोठी, मधली, धाकटी. मोठ्या रांजणातले विरजण माझ्या आजोबांच्या हातचे. ते कधी मरू दिलेले नाही.

आणि आमच्या घरची रीत अशी, की बाईला एकाच माणसाचा हात. वडील होते तोवर मी लाकूड उचलले, पाणी भरले, लडी धुतल्या, पण रांजणात हात घातला नाही. ते गेल्यावर घातला. घरातल्या बायकांनी छपरीचा उंबरासुद्धा ओलांडायचा नाही, बायकामाणसाचा हात लागला की रांजणातली बाई नासते, असे आजोबांपासून सांगत आलेले. मला मुलगा नाही. दोन्ही मुली लग्न होऊन दूर गेल्या. म्हणजे त्या तीन रांजणांना माझ्याखेरीज कुणीच नव्हते, आणि हे मला कधी खटकले नाही. उलट त्यात मला थोडी ऐट वाटत असे.

मी हिशेबी माणूस आहे. दुष्काळ पडला तर म्हणून ज्वारीचे पेव भरलेले असे. आग लागली तर म्हणून निळीच्या वड्यांचा अर्धा साठा दुसऱ्या पेठेत मेहुण्याकडे ठेवलेला असे. छपरीची कौले फुटली तर म्हणून जादा कौलांची रास. जमिनीखालचा नळ तुटून हौदाला पाणी आले नाही तर म्हणून पाण्याचे दोन मोठे डेरे. एवढे सगळे केले आणि एक गोष्ट केली नाही. मी आडवा झालो तर काय, हे मनाशी कधी मांडले नाही. आमच्या आळीतून शिलेदार मोहिमेवर जात. निघण्यापूर्वी कुणी घरच्या खर्चाची सोय लावी, कुणी भावाला घर सोपवी, बायकोला चार गोष्टी सांगून ठेवी. घोड्यावर बसणाऱ्याला आपण परत येऊ की नाही याची शंका असते. दुकानदार कुठे जात नाही, रोज संध्याकाळी जेवायला घरीच असतो, म्हणून त्याला वाटते आपले काय होणार. मलाही तसेच वाटत होते.

त्या वर्षी काम नेहमीपेक्षा जास्त आले होते. एका सकाळी नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून लडी खळबळत होतो आणि अंगात हुडहुडी भरली. थंडीची असेल म्हणून तसाच काम उरकून घरी आलो. संध्याकाळपर्यंत डोळे उघडेनात. वैद्यबुवा आले, नाडी पाहिली, जीभ पाहिली, मुदतीचा ताप आहे म्हणाले. मी विचारले, मी उठेन कधी. म्हणाले, "ताप उतरला की." मग ताप कधी उतरेल ते विचारले. त्यांनी पुड्या बांधता बांधता सांगितले, "उठायची घाई सोडलीत की उतरायला लागेल. तुमची नाडी तापानं कमी आणि घाईनं जास्त चालते आहे."

ती घाई मला सुटली नाही. दुसऱ्या दिवशी भिंत धरून छपरीत गेलो. मोठ्या रांजणाशी वाकलो, ढवळायचा दांडा हातात घेतला आणि पुढचे आठवत नाही. शेजारच्या हुसेनभाईंनी मला उचलून घरात आणले. हे हुसेनभाई रंगरेज. ते आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून निघणाऱ्या लाल रंगाचे काम करतात, आमच्या आणि त्यांच्या परसात एकच कुडाची भिंत आहे. मला अंथरुणावर ठेवून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "दादा, तुमच्या रांजणाला तुमच्याशिवाय कुणी चालत नाही, आणि तुम्हाला तर चालताच येत नाही. आता काय करायचं बोला."

ते स्वतः ढवळायला तयार होते. मी नको म्हणालो. लाल रंगाला तुरटी लागते, त्यांच्या हाताला ती कायम असते, आणि तुरटीचा अंश निळीत गेला तर ती बिघडते, हे कारण मी दिले. कारण खरे होते. पण हात धुता येतात हेही तितकेच खरे होते, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मग मी कुटुंबाकडून, म्हणजे बायकोकडून, छपरीला कुलूप घालून घेतले आणि किल्ली माझ्या करगोट्याला बांधून घेतली. आजारी माणसाने औषध जवळ ठेवावे तशी मी ती किल्ली जवळ ठेवली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. ताप चढला की भान जाई, उतरला की जे भान येई ते सगळे छपरीकडे धावे. आज कुणी ढवळले नाही. आज राख गार पडली असेल. मोठीत चुना जास्त आहे का, धाकटीला गूळ कमी पडला का. आमच्या घरात छपरीचा वास कायम असतो. पहिल्या पावसाने भिजलेल्या गोठ्यासारखा, थोडा गोडसर, थोडा आंबूस. परक्याला तो नकोसा होतो, आम्हाला तो नसला तर चुकल्यासारखे होते. पडल्यापडल्या मी तो वास शोधत असे आणि रोज तो थोडा कमी झाल्यासारखा वाटे. कुटुंब उशाशी बसून विचारी, "अहो, मला एवढंच सांगा, गूळ किती घालायचा?" मला सांगता येत नसे. घरात मीठसुद्धा मापून काढायला लावणारा मी, पण रांजणात काय किती पडते ते कधी मापले नव्हते. हात घातला की कळते, एवढेच मला येत होते. आणि तसेही मी चिडून म्हणत असे, "तुला काय करायचंय? तू तिकडे जायचं नाहीस."

साळ्यांचा माणूस येऊन गेला. ओसरीवर हुसेनभाईंशी बोलला, ते मला आत ऐकू आले. सूत वेळेवर मिळणार नसेल तर ते दुसरीकडे नेतो म्हणत होता, आणि त्याचे काही चुकत नव्हते. हुसेनभाईंनी त्याला आठवडाभर थांबायला लावले. कशाच्या जोरावर लावले, ते देव जाणे. मी भिंतीकडे तोंड करून देवीला म्हणालो, माझा हात परत दे. दुसरे काही मागायचे मला सुचलेही नाही.

पुढे ताप फार वाढला. त्या दिवसांतले मला तुटक आठवते, आणि जे आठवते ते तसेच सांगतो, त्यात भर घालत नाही. कुणीतरी माझ्या कमरेशी चाचपत होते. करगोट्याची गाठ सोडत होते. मला वाटले, न्यायला आले. मी किल्ली मुठीत आवळली. कुणीतरी ती मूठ एकेक बोट करून उघडली, अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या हातातला खाऊ काढावा तशी. मग किल्ली गेली. आणि ती गेल्यावर मला फार भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली.

नंतर केव्हातरी ढवळण्याचा आवाज ऐकू आला. रांजणाच्या काठाला दांडा घासतो त्याचा एक ठराविक आवाज असतो. हा तसाच होता, पण माझ्यापेक्षा संथ. मी तापात मनाशी म्हणालो, देवी आली आहे, ढवळते आहे. पुन्हा झोपलो. असे एकदा झाले की अनेकदा, सांगता येत नाही. मग एका सकाळी कपाळावर गार हात पडला आणि त्या हाताला वास होता. तोच गोडसर, आंबूस, भिजल्या गोठ्यासारखा. जाग्या रांजणाचा वास. मी डोळे न उघडताच म्हणालो, "आई, बाई जगली का?"

"मोठी जगली," उत्तर आले. "धाकटी जगेल असं वाटतंय. मधली गेली."

देवी असे हिशेब देत नाही. मी डोळे उघडले. कुटुंब होते. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. बांगड्यांच्या काचेवरसुद्धा निळी पुटे चढली होती. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी काय म्हणतो याची वाट पाहत होती. मला राग यायला हवा होता, आजोबांपासूनची रीत मोडली होती. राग शोधला, तो सापडला नाही. मी विचारले, "तुला गूळ किती घालायचा ते कुणी सांगितलं?"

ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं रोज संध्याकाळी तुमच्या हातावर पाणी मीच घालते. तुम्ही रंगात असलात की हाताला हा असा वास यायचा. तुम्ही चिडलेले असलात की हाताला नुसता चुना. जेवताना बोलला नाहीत की मी समजायची, कुजका वास आहे. मी दोन बोटं गूळ घालायची, ढवळायची, आणि आपल्या हाताचा वास घ्यायची. तुमच्या हातासारखा येईपर्यंत."

मग तिने सगळे सांगितले. मी पूर्ण बेशुद्ध होतो त्या सकाळी ती देवीकडे गेली होती. किल्ली घ्यावी की नाही याचा कौल लावायला. आमच्याकडे देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुले चिकटवतात आणि प्रश्न घालून बसतात. उजवे पडले तर हो, डावे पडले तर नाही. तिने फुले लावली आणि बसली. फूल पडेना. ऊन चढले, घरी मी तसाच पडून होतो, माझ्याशी हुसेनभाईंच्या घरच्यांना बसवून ती आली होती, आणि दोन्ही फुले जिथल्या तिथे. देवळात आणखी एक बाई पायरीला टेकून बसली होती. म्हातारी, परकी, पायाला रस्त्याची धूळ. तिने ओंजळीने पाणी प्यायला हात वर केले तेव्हा पदर सरकला आणि कुटुंबाला दिसले, की तिचे हात कोपरापर्यंत निळे आहेत. निळा हात पुरुषाचा असतो एवढेच आजवर तिला माहीत होते. ती बघतच राहिली. त्या बाईने विचारले, काय गं, कशाची वाट बघतेस. हिने होते ते सगळे सांगितले. ती बाई हसली आणि म्हणाली, "फूल देवी पाडील. ढवळायला तुलाच जावं लागेल."

कुटुंब उठले आणि तडक घरी आले.

मला बरे वाटू लागल्यावर मी पहिली चौकशी या गोष्टीची केली. माझा स्वभाव तसा आहे. गुरवाला विचारले, अशी कुणी बाई आली होती का. तो म्हणाला, नदीच्या वाटेने रोज पन्नास माणसे येतात, कुणाकुणाचे हात बघू. हुसेनभाईंचे म्हणणे, ती गोंदणारीण असावी. त्या बायकांचे हात गोंदून गोंदून मनगटापासून कोपरापर्यंत निळे झालेले असतात, आणि त्या दिवसांत त्यांचा एक तांडा नदीपलीकडे उतरला होता खरा. असेल तसे. कुटुंबाला विचारले तर ती म्हणते, गोंदण मी ओळखते, माझ्याही हातावर आहे.

पण एक प्रश्न मला फार दिवस सोडीना. शेवटी विचारलाच. "मग कौल कुठला पडला? उजवा की डावा?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बघायला थांबलेच नाही."

मला हे उत्तर आधी सहन झाले नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि कौल न बघता? कित्येक दिवस ते माझ्या मनात खड्यासारखे टोचत होते. देवीने हो म्हटले की नाही म्हटले, हे आता कधीच कळणार नव्हते. मग एके दिवशी मोठ्या रांजणावर वाकलो असताना वर आलेला निळा फेस पाहिला आणि वाटले, आणखी कुठला कौल हवा आहे मला?

सगळे निभावले असे मात्र झाले नाही. मधला रांजण उपसून नदीकाठी ओतावा लागला, आणि तो ओतताना मी रडलो. साळ्यांचे अर्धे सूत त्या संक्रांतीला दुसरीकडे गेले. त्यातले काही गिऱ्हाईक परत आले, काही आले नाही. माझ्या उजव्या हातात अजून पहिले बळ नाही. पण आजोबांचे विरजण जगले, आणि मोठीतले पाणी घालून मधली पुन्हा उठवता आली.

त्यानंतर मी घरात काही बदल केले, ते लिहून ठेवतो, कारण माझ्यासारखे एकहाती धंदा करणारे या पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांना वाटते तसेच मलाही वाटत होते. मोठीच्या विरजणाचा एक डेरा आता हुसेनभाईंच्या परसात पुरला आहे. हात धुऊन ते त्याची काळजी घेतात, आणि माझ्या त्या तुरटीच्या कारणाची आठवण दर वेळी करून देतात. त्यांच्या लाल रंगाचा काढा किती उकळायचा ते मी शिकून घेतले, कारण तेही माझ्यासारखे एकटेच होते. गूळ आणि चुना यांची मापे कुटुंबाने ठरवली. माझ्या हाताने नाही, तिच्या. छपरीची किल्ली दाराशी खुंटीवर असते.

आणि महिन्यातून एका मंगळवारी मी आजारी पडतो. म्हणजे ताप नसतो, पण त्या दिवशी मी छपरीत पाऊल टाकत नाही, कुणाला काही सांगत नाही, कुणी विचारले तरी बोलत नाही. माझ्याशिवाय घर आणि धंदा चालतो आहे की नाही, हे मी धडधाकट असतानाच बघून घ्यायचे असते. तोच माझा उपास. कुणी देवासाठी अन्न सोडते, मी एक दिवस माझा हात सोडतो. खरे सांगायचे तर अन्न सोडणे सोपे आहे. सकाळपासून बोटे शिवशिवतात. मी देवीच्या पायरीवर बसून असतो आणि मन छपरीत फिरत असते. राख ओढली असेल का, झाकण नीट बसले असेल का. मग समोरच्या तांदळ्याकडे पाहतो आणि मनाला परत आणतो. ते पुन्हा जाते. पुन्हा आणतो. इतक्या वर्षांत ते पुरते शांत झालेले नाही, आणि होईल असे मी म्हणणार नाही. पूर्वी मी देवीकडे माझा हात परत मागितला होता. तिने दुसराच दिला, आणि तो माझ्याच घरात, रोज माझ्या हातावर पाणी घालत होता. मी मागत होतो ते तिने ऐकले नाही, याबद्दल तिचे उपकार किती मानावेत, हे कुठल्याच मापात बसत नाही.

सूर्य कलला की घरी येतो. कुटुंब छपरीतून बाहेर येते. मी तांब्या घेतो आणि तिच्या निळ्या हातांवर पाणी घालतो. धुण्यापूर्वी ती एक हात माझ्या नाकाशी धरते. मी डोळे मिटून वास घेतो आणि जेवायला बसतो.